क्रिप्टिक शब्दकोडं सोडवायचंय? आधी क्लूवर विश्वास ठेवणं सोडा

रोजच्या वर्तमानपत्रातलं शब्दकोडं चहा संपायच्या आत उडवणारी माणसं मोठ्या हौसेने 'द हिंदू'चं क्रिप्टिक, म्हणजे फसव्या क्लूंचं इंग्रजी शब्दकोडं, उघडतात आणि थोड्या वेळाने निमूट घडी घालून ठेवतात. इंग्रजी उत्तम, वाचन भरपूर, तरी एक चौकोन भरत नाही. मग 'हे आपलं काम नव्हे' असं ठरवून टाकतात. दोष इंग्रजीचा नसतो. या खेळाचे नियम क्लूत कुठे लिहिलेले नसतात आणि सांगणारंही जवळ कुणी नसतं, एवढंच. ते नियम इथे सांगतो. उदाहरणं मुद्दाम मराठीत रचली आहेत, म्हणजे भाषेचं ओझं बाजूला राहील आणि युक्ती तेवढी दिसेल. मराठीत एक अक्षर म्हणजे काना-मात्रा-वेलांटीसकट एक चौकोन. कंसातला आकडा म्हणजे उत्तराची अक्षरं.

१. काय काय लागेल

- पेन्सिल आणि खोडरबर. पेनने सोडवणाऱ्यांचं कौतुक नंतर करू.
- कच्च्या कामाला कोरा कागद. अक्षरांची उलटापालट डोक्यात करायला जाऊ नका.
- एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश. पुढे नाद लागलाच तर चेंबर्स घ्या. जुने, स्कॉटिश, विसरलेले शब्द त्यात सापडतात. शिवाय एक्लेअरचा अर्थ 'लांबीला मोठा पण टिकायला अल्पायुषी असा केक' असा देणारा कोश घरात असलेला बरा.
- क्लूचे नेहमीचे इशारे टिपायला एक वही. हिचं महत्त्व चौथ्या पायरीवर कळेल.

मोबाइलवर अक्षरं जुळवून देणारी ॲप्स असतात. सुरुवातीला ती घेऊ नका, सगळी मजा तीच खाऊन टाकतात.

२. क्लूचे दोन तुकडे करा

शाळेत श्लेष शिकताना 'शंकरास पूजिले सुमनाने' हे उदाहरण घोकलेलं आठवतंय? सुमनाने म्हणजे फुलाने, चांगल्या मनाने, की सुमन नावाच्या बाईने? क्रिप्टिक क्लू पूर्णपणे याच वृत्तीवर उभा असतो. वाक्य वाचताना डोळ्यांपुढे एक चित्र उभं राहतं, आणि ते चित्र तुम्हाला फसवण्यासाठीच रंगवलेलं असतं.

त्याच्या आड दोन भाग असतात. एक भाग उत्तराचा सरळ अर्थ सांगतो. दुसरा तेच उत्तर अक्षरांच्या खेळातून बनवून दाखवतो. आणि सगळ्यांत कामाचा नियम असा, की सरळ अर्थ नेहमी क्लूच्या सुरुवातीला किंवा शेवटी असतो, मधे कधीच नाही. हा क्लू बघा:

*नेहमी उलटा वागणारा नोकर (२)*

डोळ्यांपुढे एखादा हट्टी गडी येतो. त्याला जाऊ द्या. शेवटचा शब्द 'नोकर' हा अर्थ धरू. उरलं 'नेहमी उलटा वागणारा'. नेहमी म्हणजे सदा. सदा उलटा केला की दास. दास म्हणजे नोकर. दोन वेगळ्या वाटांनी एकाच उत्तरावर पोचलो, म्हणजे ते पक्कं. साध्या शब्दकोड्यात 'नोकर' एवढंच दिलेलं असतं आणि सेवक की चाकर की गडी, हा घोळ आडव्या-उभ्या शब्दांनी मिटवावा लागतो. इथे क्लू स्वतःच तुमचं उत्तर तपासून देतो. कठीण दिसणारा हा प्रकार एका अर्थी साध्यापेक्षा जास्त प्रामाणिक आहे, असं माझं मत आहे.

३. क्लूच्या जाती ओळखा

जाती मोजक्याच आहेत. प्रत्येकीला एक इशारा असतो, म्हणजे 'इथे अमुक कर' असं हळूच सांगणारा शब्द. तो हेरला की अर्धं काम झालं.

लपलेला शब्द. सगळ्यांत सोपी जात, कारण उत्तर कागदावर छापलेलंच असतं.

*चाकर वतनदारापासून लपवतो सुताराचं हत्यार (४)*

इशारा 'लपवतो'. कोण लपवतो? 'चाकर वतनदारापासून' ही अक्षरं. 'चा' सोडा आणि पुढची चार वाचा: क, र, व, त. नवख्यांची नजर शब्दांमधल्या मोकळ्या जागेवर अडते. ती जागा नाहीच असं समजून वाचायची सवय लावा.

जोडणी. तुकड्याला तुकडा लावायचा.

*पाण्यानंतर पहिला सूर लागला की मैफल (३)*

गवई घोटभर पाणी पितो, सूर लावतो, सगळं छान दिसतं. पण पाणी म्हणजे जल, त्यानंतर पहिला सूर सा, झाला जलसा.

आत घालणं. एका शब्दाच्या पोटात दुसरा.

*बारमध्ये जा, सापडेल मंडई (३)*

'बार' या अक्षरांमध्ये 'जा' घाला: बा-जा-र. क्लूने काय करायचं ते शब्दशः सांगितलं होतं. आपण मात्र कुठल्या बारमध्ये, याचा विचार करत बसतो.

डोकं किंवा शेपूट उडवणं.

*माकडाचं डोकं उडवलं तर उरतो पुरुष (२)*

वानर, त्यातला वा गेला, उरला नर.

आद्याक्षरं. 'सुरुवातीला', 'प्रथम', 'आरंभी' असे शब्द दिसले की कान टवकारा.

*सारे गलबतवाले रडले सुरुवातीला, कारण हा खवळला (३)*

सा, ग, र.

अ‍ॅनाग्रॅम, म्हणजे अक्षरांची उलटापालट. इशारा मोडतोडीचा, गोंधळाचा, नशेचा, वेडाचा, नाचाचा, कशाचाही असू शकतो.

*कमर मोडली की लागणारे पैसे (३)*

'कमर' मोडून रकम. इथेच एक सापळा आहे. याच तीन अक्षरांतून मकरही निघतो. अक्षरं जुळली या आनंदात लगेच लिहून टाकू नका, अर्थाशी ताडून बघा. क्लूच्या शेवटी 'रास' असती तर मकर बरोबर ठरला असता.

दोन अर्थ. अक्षरांचा खेळ नाहीच. दोन सरळ अर्थ शेजारी शेजारी ठेवलेले.

*रत्नागिरीच्या बागेतलं आणि वकिलाच्या तोंडचं (३)*

कलम. क्लू तोकडा असला की आधी ही जात तपासा.

उच्चारसाम्य. 'ऐकलं तर', 'रेडिओवर', 'म्हणतात' असा इशारा. मराठीत लिहितो तसंच बहुतेक बोलतो, त्यामुळे इथे हा प्रकार फार जमत नाही. इंग्रजीत लेखन आणि उच्चार यांची फारकत झालेली असल्याने तिथे त्याचं राज्य आहे. आणि तो ब्रिटिश उच्चाराला धरून असतो. शब्दामधला 'र' ते कसा गिळतात हे आठवूनच सोडवा.

अवघड कोड्यात हीच मंडळी दोन-दोन, तीन-तीन एकत्र येतात: उलटं करून आत घाला, मग शेपूट तोडा. नवीन काही नसतं.

४. आता इंग्रजीकडे: नेहमीचे पाहुणे

इंग्रजी क्रिप्टिकमध्ये काही शब्द पुनःपुन्हा येतात आणि त्यांची छोटी रूपं ठरलेली असतात. डॉक्टर आला की डी-आर, एम-ओ किंवा जी-पी. खलाशी म्हणजे टार किंवा ए-बी. कामगार म्हणजे बहुधा मुंगी नाही तर मधमाशी. 'क्वाएट' म्हणजे संगीतातला पी, 'लाउड' म्हणजे एफ. विद्यार्थी म्हणजे एल, गाडी शिकणाऱ्याच्या पाटीवरचा. 'इंजिनियर्स' म्हणजे आर-ई. ब्रिजशिवाय, म्हणजे पत्त्यांच्या त्या खेळाशिवाय, तर कोडंच नाही: तिथले खेळाडू म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं. टेनिसमधलं 'लव्ह' आणि क्रिकेटमधला 'डक' दोन्ही शून्य, म्हणून ओ. 'मेडन' म्हणजे एम, 'ऑन' म्हणजे लेग. क्रिकेटच्या बाबतीत आपण जन्मतः तयार आहोत. अमेरिकन माणूस इथे रडतो.

मघाशी सांगितलेली वही याच्यासाठी. प्रत्येक नवा पाहुणा भेटला की टिपून ठेवा.

एक साधा क्लू मोडून बघू: *'वर्कर इन चार्जेस प्रँक' (५)*. प्रँक हा अर्थ. वर्कर म्हणजे ए-एन-टी, इन चार्ज म्हणजे आय-सी. जोडलं की अँटिक. कारखान्यातला चेष्टेखोर मुकादम कुठेच नव्हता.

दुसरा धडा असा, की शब्दाचा रोजचा उच्चारसुद्धा गृहीत धरू नका. 'फ्लॉवर' म्हणजे फूल, पण जे 'फ्लो' होतं तेही फ्लो-अर, म्हणजे नदी. *'फ्लॉवर ऑफ लंडन' (६)* म्हणजे थेम्स. 'नंबर' म्हणजे आकडा, पण जे 'नम' म्हणजे बधिर करतं तेही नम-अर, म्हणजे ईथर. हे एकदा कळलं की कुठलाही '-अर'ने संपणारा शब्द तुम्ही संशयाने बघाल, आणि बघायलाच हवा.

आणि जुना, गाजलेला नमुना: *'एच-आय-जे-के-एल-एम-एन-ओ' (५)*. एवढाच क्लू. अर्थ कुठे, इशारा कुठे, काही नाही. उत्तर वॉटर. एचपासून ओपर्यंत, म्हणजे 'एच टू ओ'. असा क्लू सुटतो तेव्हा आपण हसतो की कपाळाला हात लावतो हे सांगता येत नाही, आणि त्या क्षणासाठीच माणसं वर्षानुवर्षं यात अडकून राहतात.

५. कुठलं कोडं घ्यायचं

'आज पेपरात आलंय ते' हे उत्तर चुकीचं आहे. नवख्यांचा हिरमोड सगळ्यांत जास्त इथे होतो.

सुरुवात गार्डियन या ब्रिटिश वर्तमानपत्राच्या 'क्विक क्रिप्टिक'ने करा. २०२४ मध्ये खास शिकणाऱ्यांसाठी सुरू झालं. शनिवारी येतं, चौकट लहान, आणि त्या दिवशी क्लूच्या कुठल्या चार जाती वापरल्यात ते वरच लिहिलेलं असतं. रोज एकच क्लू हवा असेल तर 'मिनिट क्रिप्टिक' आहे. त्यानंतर गार्डियनचंच आठवड्याला येणारं 'क्विप्टिक', मग त्यांचं सोमवारचं कोडं. सोमवारी सोपं आणि आठवडा सरकेल तसं कठीण, असा तिथला प्रघात आहे. वेबसाइटवर फुकट मिळतात आणि 'चेक' आणि 'रिव्हील'ची बटणं असतात. फक्त शनिवारच्या बक्षिसाच्या कोड्याला उत्तर जाहीर होईपर्यंत ती बटणं नसतात, हे आधीच माहीत असू द्या. लंडनच्या टाइम्सचं 'क्विक क्रिप्टिक' २०१४ पासून आहे, १३ बाय १३ चं, उत्तम, पण पैसे मोजावे लागतात.

'द हिंदू'ला यानंतर हात घाला. १९७१ पासून हे कोडं चालू आहे. सुरुवातीला ते रचायचे व्हाइस अ‍ॅडमिरल रामदास कटारी, नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख. निवृत्तीनंतरचा केवढा हा उद्योग! हिंदूमध्ये कोडेकार टोपणनावाने ठरावीक दिवस रचतात आणि त्यांचे स्वभाव वेगवेगळे असतात. एकाच कोडेकाराची कोडी सलग सोडवून बघा. त्याच्या खोड्या कळायला लागतात आणि मग समोर छापील चौकट न राहता एक बेरकी माणूस दिसायला लागतो.

६. चौकटीवर कसं काम करायचं

एक आडवेपासून क्रमाने जायचं असा कुठलाही नियम नाही. आधी सगळे क्लू एकदा वाचून काढा. नेहमीच्या १५ बाय १५ च्या चौकटीत साधारण तीसेक असतात. पहिल्या फेरीत लपलेले शब्द आणि अ‍ॅनाग्रॅम शोधा. लांबलचक अ‍ॅनाग्रॅम सुटला तर सोनंच, कारण तो सात-आठ दुसऱ्या शब्दांना एकेक अक्षर देतो. ब्रिटिश धाटणीच्या चौकटीत शब्दाची साधारण निम्मीच अक्षरं दुसऱ्या शब्दाला छेदतात. म्हणून एकेक छेदाक्षर जपून वापरावं लागतं.

अ‍ॅनाग्रॅमची अक्षरं ओळीत लिहू नका. ओळीत लिहिली की डोळा जुनाच शब्द वाचत राहतो. गोलात लिहा.

आणखी काही गोष्टी, ज्यांच्यावर लोक हमखास घसरतात:

- विरामचिन्हं बेलाशक विसरा. स्वल्पविराम फसवायलाच टाकलेला असतो. प्रश्नचिन्ह मात्र बघा: 'इथे जरा गंमत केली आहे' अशी ती कबुली असते.
- अर्थ अनेकवचनी तर उत्तर अनेकवचनी. अर्थ भूतकाळी तर उत्तर भूतकाळी. बसत नसेल तर उत्तर चुकलंय.
- क्लूतला एकही शब्द फुकट नसतो. उत्तर सापडलं पण दोन शब्द कशाला होते ते कळत नसेल, तर बारीक अक्षरात लिहा आणि शेजारी टिंब द्या.
- चुकीच्या उत्तराच्या प्रेमात पडू नका. एक कोपरा अजिबात हलत नसेल, तर जे पक्कं वाटतंय तेच खोडून बघा.

७. अडकलात की

अडकणारच. दोन-तीन क्लू उरतात, छेदाक्षरं असतात, आणि काही केल्या गाडी पुढे सरकत नाही. यावर माझा उपाय एकच: कागद उलटा ठेवून उठायचं. आंघोळ करा, भाजी निवडा, लोकल पकडा. परत आल्यावर तो क्लू वेगळाच वाचला जातो, कारण डोळ्यांपुढचं पहिलं खोटं चित्र तोवर पुसलेलं असतं. बसून राहिलात तर तेच चित्र आणखी घट्ट होतं.

तरी नाही सुटलं तर उत्तर बघा. खुशाल बघा. शिकण्याच्या काळात उत्तर बघणं ही लबाडी नाही. उत्तर बघून ते कसं आलं हे न शोधणं, ही मात्र खरी नासाडी. 'फिफ्टीनस्क्वेअर्ड' या वेबसाइटवर गार्डियन, इंडिपेंडंट आणि फायनान्शियल टाइम्सच्या कोड्यांची क्लूगणिक फोड मिळते. उत्तरावरून मागे क्लूकडे चालत जा आणि कुठल्या शब्दाने कसं गंडवलं ते बघा.

घड्याळ लावू नका. जानेवारी १९४२ मध्ये डेली टेलिग्राफने बारा मिनिटांत कोडं सोडवायची स्पर्धा घेतली आणि त्यातल्या काही जणांना पुढे ब्लेचली पार्कला, जर्मनांचे गुप्त संदेश फोडण्याच्या कामावर बोलावणं गेलं. आपल्याला तसलं बोलावणं येणार नाहीये. आठवडाभर एकच कोडं पुरलं तर पैसे वसूल झाले म्हणा.

८. पुढचा डोंगर

रोजची कोडी बऱ्यापैकी सुटायला लागली की कठीण कोड्यांची ओढ लागते. त्यांचा इतिहास रंजक आहे. १९२६ पासून ऑब्झर्व्हर या रविवारच्या ब्रिटिश वर्तमानपत्रात एडवर्ड पॉइस मॅथर्स यांनी कोडी रचली, टोपणनाव टॉर्केमाडा, म्हणजे स्पेनच्या धर्मचौकशीतला क्रूर अधिकारी. त्यांच्यानंतर १९३९ मध्ये आलेल्या मॅकनट यांनी झिमेनेस हे तशाच दुसऱ्या अधिकाऱ्याचं नाव घेतलं. १९७२ पासूनचे जोनाथन क्राउदर यांनी तिसरा अधिकारी डेझा याचं नाव उलटं करून अझेड केलं. सोडवणाऱ्याचा छळ करायचाय हे नावातच जाहीर. पण छळालाही कायदा घालून दिला तो झिमेनेस यांनी, १९६६ च्या पुस्तकात: अर्थ नेमका हवा, अक्षरांचा खेळ न्याय्य हवा, आणि त्यापलीकडे क्लूत काहीही नको. आज कोडेकार 'झिमेनियन' आहे की सैल हाताचा, यावर सोडवणारे भांडतात. मी झिमेनियनांच्या बाजूचा. सैल क्लू सुटला तरी तोंडातली कडू चव जात नाही.

अझेडच्या पातळीवर चेंबर्स कोश उघडा ठेवूनच बसावं लागतं आणि त्यात कमीपणा कुणी मानत नाही. त्याच्याही वर 'लिसनर'. १९३० साली बीबीसीच्या साप्ताहिकात सुरू झालेलं हे कोडं, ते साप्ताहिक १९९१ मध्ये बंद पडल्यावर लंडनच्या टाइम्समध्ये गेलं. तिथे चौकट भरल्यावर खरं कोडं सुरू होतं: भरलेल्या अक्षरांत काहीतरी दडलेलं असतं, ते शोधा.

या चौकटीत काय काय मावतं याचं एक उदाहरण सांगतो. गार्डियनचे लाडके कोडेकार जॉन ग्रॅहम, टोपणनाव अरॉकेरिया, पेशाने पाद्री. जानेवारी २०१३ मध्ये त्यांच्या एका कोड्यावर छोटी टीप होती: अरॉकेरियाला १९ चा १८ उभा झाला आहे, त्यावर १३-१५ चालू आहे. लोकांनी सोडवत सोडवत ते क्रमांक भरले. १८ कॅन्सर. १९ अन्ननलिका. १३-१५ म्हणजे शेवटच्या काळातली वेदनाशामक शुश्रूषा. स्वतःच्या आजाराची बातमी त्यांनी वाचकांना अशी दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले.

९. हात साफ करायला

चार क्लू देतो. उत्तरं देत नाही, जाती वर सगळ्या आल्या आहेत.

*जग उलथवतो हत्ती (२)*

*लाडका कायम पोटाशी धरतो नातेवाईक (२)*

*राजा बसतो तिथे भाव आधी, गुत्ता नंतर (४)*

*आजच्या आत दाद मिळाली तर होईल गलका (३)*

शेवटचा सुटत नसेल तर 'आजच्या आत' इथे जरा थांबा, आणि दाद देताना तोंडातून काय निघतं ते म्हणून बघा.